ताबा, भेट आणि घाटाखालचं गाव

बुलढाणा जिल्ह्यात मुलाच्या ताब्याचा अर्ज सहसा एकटा येत नाही. आधी बाई माहेरी येते. मग पोटगीचा अर्ज लागतो, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली प्रकरण दाखल होतं, आणि त्याला उत्तर म्हणून नवऱ्याकडून लेकराच्या ताब्याचा अर्ज पडतो. कधी उलटं घडतं. सासरचे मूल ठेवून घेतात, बाईला एकटीलाच एसटीत बसवून देतात आणि ती रिकाम्या हातांनी वकिलाच्या पायऱ्या चढते. अर्जाच्या वर नाव मुलाचं असलं, तरी आतल्या पानांवर लग्नातला मानपान, दागिने, सासूचे टोमणे आणि मामाने केलेली शिवीगाळ असते. मुलाची इयत्ता शोधायला पानं उलटावी लागतात.

कौटुंबिक प्रकरणं चालवताना माझं एक मत पक्कं होत गेलं. ‘ताबा आईकडे’ किंवा ‘ताबा वडिलांकडे’ या ओळीसाठी माणसं वर्षानुवर्षं भांडतात, शेत विकतात. त्या ओळीखाली भेटीच्या अटी असतात आणि त्यांवर मात्र न वाचता सही करून मोकळी होतात. मुलाचं पुढचं बालपण प्रत्यक्षात त्या खालच्या अटींवर चालतं. वकिलाचं खरं कसब तिथे लागतं.

आधी कायदा थोडा समजून घेऊ, कारण गावोगावी त्याबद्दल ठाम आणि चुकीच्या समजुती आहेत. ‘मूल बापाचंच’ ही एक. ‘पाच वर्षांपर्यंत आईचं, मग आपोआप बापाचं’ ही दुसरी. आपल्याकडे मुख्य कायदे दोन. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम सर्व धर्मांना लागू आहे, आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम हिंदूंसाठी आहे. दुसऱ्या कायद्याचं सहावं कलम वडिलांना नैसर्गिक पालक म्हणतं आणि त्यांच्यानंतर आईला. मात्र पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असंही तिथेच म्हटलं आहे. पाचव्या वाढदिवसाला मूल उचलून द्यायचं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. या सगळ्यावर तेरावं कलम आहे: मुलाचं हित सर्वोच्च. मुस्लिम कुटुंबांत हनफी परंपरेप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळण्याचा हक्क आईचा मानतात, आणि तिथेही न्यायालय मुलाच्या हिताकडे पाहतंच.

पालकत्व आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाच्या नावची जमीन, बँकेतली रक्कम, कागदांवरच्या सह्या हे पालकत्वात येतं. मूल रोज कुणाच्या घरी झोपतं, कुणाच्या हातून डबा घेऊन शाळेत जातं, हा ताबा. पालकत्वातलं आईचं दुय्यम स्थान हलवणारं प्रकरण एका साध्या फॉर्मवरून सुरू झालं होतं. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं. अर्जावर पालक म्हणून आईची सही चालेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की वडील हयात असूनही मुलाच्या बाबतीत गैरहजर किंवा उदासीन असतील, तर आईच नैसर्गिक पालक ठरते. नवरा चाकणच्या कंपनीत नाहीतर सुरतेला, दोन वर्षं घरी फिरकलेला नाही, आणि शाळेला लागणाऱ्या दाखल्यासाठी बाई मेहकरच्या तहसीलीत खेटे घालतेय, अशा वेळी हा निकाल फार उपयोगाचा आहे.

अर्ज कुठे करायचा, हेही विचारलं जातं. मूल सामान्यतः जिथे राहतं, तिथल्या न्यायालयात. नवऱ्याने पुण्यात दावा टाकला म्हणून मेहकरच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाचं प्रकरण पुण्याचं होत नाही. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तालुक्याचे न्यायदंडाधिकारीही स्त्रीला मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. जिल्ह्याच्या गावी येण्याआधी हे दार उघडं असतं आणि बऱ्याच जणींना ते ठाऊक नसतं.

‘मुलाचं हित’ हे शब्द अर्जात लिहायला सोपे आहेत. त्यांच्यात भरायचं काय? माझ्याकडे ताब्यासाठी कुणी आलं की मी आधी कोरा कागद पुढे सरकवते आणि म्हणते, तुमच्या लेकराचा कालचा दिवस लिहा. किती वाजता उठलं. आंघोळ कुणी घातली. वर्गशिक्षिकेचं नाव काय. डब्यात काय होतं. खोकला झाला की कोणतं औषध चालतं, कोणतं चालत नाही. मित्र कोण. रात्री कुणाजवळ झोपतं. एखादा बाप, ज्याने आत्ताच टेबलावर हात आपटून ‘मॅडम, ते काही नाही, मले माह्यं लेकरू पाह्यजे’ म्हटलेलं असतं, तो तिसऱ्या ओळीला थांबतो. पेन हातात धरून शेजारच्या आईकडे पाहतो, म्हणजे मुलाच्या आजीकडे. आजी पटापट सांगत जाते आणि तो लिहितो. अशाच थांबलेल्या आयाही मी पाहिल्या आहेत. आणि सगळा कागद न अडखळता भरणारा, मुलीच्या वेणीला कोणत्या रंगाची रिबीन लागते हे सांगणारा बापही पाहिला आहे. तो कागद मी न्यायालयात लावत नाही. पण पक्षकाराशी पुढचं बोलणं त्याच्यावरूनच होतं. ज्या घरात मुलाचा दिवस आजी सांभाळते, त्या घरासाठी ताबा मागायचा म्हणजे आजीच्या गुडघ्यांचा आणि वयाचा विचार अर्जात यायला हवा.

न्यायालयंही असंच पाहतात: वय, तब्येत, शाळा, भावंडं, सांभाळणाऱ्याला मिळणारा वेळ, घरातलं वातावरण. पैसा एकट्याने ठरवत नाही. बापाकडे दहा एकर ओलीत आहे आणि आई शिलाई करते, म्हणून मूल बापाकडे जात नाही. पोटगी ठरवायचा अधिकार न्यायालयाला आहेच. गरीब माहेरच्या बाया या एका भीतीने अर्धी लढाई आधीच सोडून देतात, म्हणून हे ठासून सांगायला हवं.

चारित्र्याचं शस्त्र मात्र अजून सर्रास निघतं. बाई मोबाइलवर बोलते, शेजाऱ्याच्या गाडीवर बसली होती, कपडे असे घालते, हे सगळं ताब्याच्या अर्जात येतं. याच बुलढाण्याची एक मुलगी यावर दीडशे वर्षांपूर्वी कडाडली होती. ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला आपलं बाळ मारल्याबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या नीतीवर झोड उठली, आणि त्या संतापातून १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ हे पुस्तक निघालं. जो दोष बाईच्या माथी मारता तो पुरुषांत नाही का, हा त्यांचा रोख होता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या आईला तिच्या फोनमधल्या नंबरांबद्दल प्रश्न विचारले जातात तेव्हा मला ताराबाई आठवतात. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नऊ वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडेच ठेवला. व्यभिचाराचा आरोप घटस्फोटाचं कारण होऊ शकतो, ताबा नाकारण्याचं नाही, आणि पत्नी म्हणून वाईट ठरलेली स्त्री आई म्हणून वाईट असेलच असं नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आईचं वागणं मुलाला खरोखर इजा करत असेल तर ते जरूर मांडावं. नुसत्या बदनामीसाठीचे परिच्छेद मी अर्जातून काढून टाकते. पक्षकार नाराज होतो. होऊ दे. ते कागद मुलगा मोठा झाल्यावर वाचू शकतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. मुलग्यासाठी दोन्ही घरं जिवाच्या करारावर भांडतात. मुलीच्या ताब्याचा अर्ज बापाकडून येतो तो क्वचित, आणि दोन भावंडं असली तर ‘पोरगा आमचा, पोरगी तिची’ अशी वाटणी बैठकीत सहज मांडली जाते. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८५५ मुली होत्या. जन्माआधी जो हिशेब होतो तोच जन्मानंतर ताब्याच्या बैठकीत दिसतो. बहीण-भावाची अशी ताटातूट करायला मी वकील म्हणून तयार होत नाही; न्यायालयंही शक्यतो होत नाहीत. आईबापांचं घर मोडल्यावर त्या दोघांना एकमेकांचाच काय तो आधार उरलेला असतो.

मुलाला काय वाटतं, हा सगळ्यात नाजूक भाग. मुंबईत १८४३ साली एक खटला गाजला. नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, साधारण बारा वर्षांचा, मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे राहू लागला. वडील मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले. मुलाला मिशनऱ्यांकडेच राहायचं होतं. कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केलं. पुढे श्रीपतला जातीत परत घ्यावं की नाही यावरून मोठा वाद झाला आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं या बाजूने उभे राहिले. धर्म, जात, सरकार, वर्तमानपत्रं सगळ्यांना त्या पोराबद्दल मत होतं. त्याच्या स्वतःच्या मताला कायद्यात तेव्हा वजन नव्हतं.

सत्तर वर्षांनी चक्र थोडं फिरलं. जिद्दू कृष्णमूर्ती आणि त्यांचा भाऊ नित्यानंद या मुलांना ॲनी बेझंट यांच्याकडून परत मिळवण्यासाठी वडील नारायणय्या यांनी मद्रासमध्ये दावा लावला. मद्रासमध्ये वडील जिंकले. १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. मुलं इंग्लंडमध्ये होती आणि त्यांचं हित कशात, त्यांची इच्छा काय, हे पाहिलंच गेलं नव्हतं, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. याच बेझंटबाईंनी १८७८ मध्ये आपल्या मतांपायी इंग्लंडच्या कोर्टात पोटच्या मुलीचा ताबा गमावला होता.

आज १८९० च्या कायद्याचं सतरावं कलम सांगतं की मूल समजूतदारपणे पसंती सांगण्याच्या वयाचं असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावतात. वकील बाहेर, आईबाप बाहेर. चांगले न्यायाधीश ‘तुला कुणाकडे राहायचं?’ असं विचारत नाहीत. शाळा, खेळ, सुट्टी, कुत्रा, भांडणं असं बोलत राहतात आणि मुलाच्या बोलण्यातून घर दिसू लागतं. पढवलेलं मूल लगेच कळतं. आठ वर्षांचं पोर ‘माझी आई मानसिक छळ करते’ असलं वाक्य बोललं, की ते वाक्य वकिलाच्या नोटिशीतलं आहे हे उघड असतं. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ज्या पालकाकडे मूल राहतं त्याने दुसऱ्याविषयी मुलाचं मन विटाळण्याच्या प्रकाराची दखल घेतली आणि बराच काळ वडिलांकडे असलेली मुलगी आईकडे सोपवली. दोन्हीकडच्या नातेवाइकांना माझी एकच विनवणी असते: तारखेच्या आदल्या रात्री लेकराची तयारी करून घेऊ नका. त्याला झोपू द्या.

ताब्याच्या खटल्यात वेळ फार मोठी गोष्ट आहे. मूल जिथे आहे तिथे रुळत जातं आणि तारखा पडत राहतात. म्हणून काही जण आधी मूल उचलून नेतात आणि मग ‘आता ते इथेच रमलं’ असं म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गौरव नागपाल प्रकरणात असा फायदा नाकारला: न्यायालयाचे आदेश धुडकावून ज्याने ताबा स्वतःकडे ठेवला, त्याला त्याच वागण्याचा लाभ देता येत नाही. पण पोलिसांत ‘अपहरणा’ची तक्रार देऊन प्रश्न सुटेल, अशीही आशा धरू नये. ज्याच्या अखत्यारीत आपला जिल्हा येतो त्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं की मनाई करणारा न्यायालयाचा आदेश नसेल, तर जन्मदात्या वडिलांनी मूल नेणं अपहरणाचा गुन्हा होत नाही. तेव्हा धोका दिसताच अंतरिम ताब्याचा अर्ज करून हुकूम हातात घ्यावा.

आजी-आजोबांचंही ऐकलं जातं. २००८ च्याच एका प्रकरणात आईचा मृत्यू झाला होता, हुंड्यापायी छळाचा आणि हुंडाबळीचा खटला बापावर चालू होता, आणि तरी खालच्या न्यायालयांनी मूल बापाला दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मुलाशी बोलले, चालू खटल्याकडे दुर्लक्ष झाल्याचं नोंदवलं आणि त्याला आईच्या आईवडिलांकडे ठेवलं. लेक गमावलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला मी हा निकाल आवर्जून वाचून दाखवते.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने वकिलाला हक्काने उभं राहता येणार नाही, अशी तरतूद केली. न्यायालयाने परवानगी दिली तरच. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई इथे १९८९ मध्ये ही न्यायालयं सुरू झाली तेव्हा या तरतुदीवर वकिलांत नाराजी होती. मला त्यामागची काळजी पटते. वकिलाने भांडण वाढवलं तर लेकराचं नुकसान होतं. म्हणून वकीलपत्र घेताना मी सांगून ठेवते की पोटगी कमी करून घेण्यासाठी ताब्याचा अर्ज मी टाकणार नाही, आणि हुकूम झालेला असताना भेट अडवायला मदत करणार नाही. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करू. त्यासाठी मुलाची आणि बापाची भेट थांबवायची नाही. बापाला मूल भेटलं नाही म्हणून त्याने पोटगी थांबवायचीही नाही.

आता भेटीकडे. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला आहे. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. रेल्वे फक्त खाली. आई देऊळगावराजाला माहेरी आणि बापाचं गाव जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, असं असेल तर चिखली, खामगाव, नांदुरा करत एसटी बदलत जावं लागतं. अशा जोडप्याच्या हुकमात ‘महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी न्यायालयाच्या आवारात दोन तास भेट’ असं लिहिलं, की काय होतं? मुलाची शनिवारची सकाळची शाळा बुडते. बापाची मजुरी बुडते. भेट होते ती टायपिस्टची टेबलं आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामधल्या बाकावर, दोन्हीकडची माणसं दहा पावलांवर उभी असताना. बाप वेफर्सचं पाकीट आणि प्लॅस्टिकची गाडी देतो. मूल गाडी हातात धरून आईकडे पाहत राहतं. काही महिन्यांत बाप येईनासा होतो आणि ‘त्याला मुलाचं काही पडलेलं नाही’ असा अर्ज तयार होतो.

म्हणून तडजोडीचा मसुदा करताना मी सगळं लिहून घेते. मूल कुणी आणायचं, कोणत्या स्टँडवर, किती वाजता. गाडी चुकली तर फोन कुणी कुणाला करायचा. सोडायला येणाऱ्याबरोबर भांडणातले मामा-काका नकोत. आवारातली भेट फक्त सुरुवातीला, मूल सरावलं की बापाच्या घरी मुक्काम. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, पुढच्या वर्षी उलट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मूल आईच्या माहेरी, पोळ्याला बापाच्या शेतात, कारण बैल तिथे आहेत आणि पोराला ते धुवायचे असतात. आठवड्यातून ठरलेल्या दोन संध्याकाळी व्हिडिओ कॉल, आणि कॉल चालू असताना बाजूला कुणी उत्तरं सुचवायची नाहीत. शाळेच्या प्रगतिपुस्तकाची प्रत दोघांना. आजारपणात कळवायचं, रात्र असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे की मुलाला आई आणि वडील दोघांच्याही मायेचा हक्क आहे, आणि एकाकडे ताबा दिला तरी दुसऱ्याला भेट आणि संपर्क इतका मिळावा की मुलाला त्याची ओळख राहील. विधी आयोगाने तर मे २०१५ मध्ये, न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना, २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची सोय आणि पालकत्वात आई-वडिलांना समान स्थान सुचवलं. कायदा अजून तसा बदललेला नाही. पण दोघांच्या सहीने मसुद्यात हे सगळं आणायला कुणाची आडकाठी नाही.

ज्या घरात मारहाण झाली आहे, दारू आहे, मुलावर हात उचललेला आहे, तिथे हे उदार वेळापत्रक लागू पडत नाही. तिथे देखरेखीखालचीच भेट हवी, आणि ती मागताना आईने संकोच करू नये.

ताब्याचा हुकूम कायमचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितलं आहे. मुलाची गरज बदलली की तो बदलता येतो. तीन वर्षांच्या बाळासाठी ठरवलेली भेट तेरा वर्षांच्या मुलाला पुरत नाही. त्याला क्रिकेट असतं, शिकवणी असते, मित्र असतात, आणि कधी त्याला स्वतःहूनच घाट उतरून खाली जायचं असतं. म्हणून मसुद्याच्या शेवटी मी एक अट घालते: विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडायच्या आत, दरवर्षी, दोघांनी बसून हे वेळापत्रक पुन्हा पाहायचं, आणि मूल दहा वर्षांचं झाल्यापासून त्यालाही त्या बैठकीत विचारायचं.